टेस्ट अधूनमधून पडतात? कधी पडतात ते आधी लिहून काढा

तक्रार नेहमीचीच. काल सगळ्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) हिरव्या, म्हणजे पास, होत्या, आज कोडच्या एकाही ओळीला हात न लावता लाल. पुन्हा चालवल्या की कधी पास, कधी नापास. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, परत चालव, होईल.’ होतंही. आणि आठवड्याभरात टेस्ट या गोष्टीवरचा सगळ्यांचा विश्वास उडतो.

मी एका मराठी साप्ताहिकाच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेसचं प्लगिन सांभाळतो. (वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळ चालवणारं सॉफ्टवेअर, प्लगिन म्हणजे त्याला जोडायचा पुरवणी कोड.) काम साधं: आजच्या अंकाची यादी लावणं, तारखा देवनागरी आकड्यांत दाखवणं, लेख किती वाचले गेले ते मोजणं. दोनशेच्या आसपास टेस्ट आहेत, पीएचपीयुनिटवर, म्हणजे पीएचपी भाषेतल्या टेस्टच्या साधनावर, चालणाऱ्या. त्या वर्षभर अशाच झुलवत होत्या. शेवटी वैतागून एक कागद टेबलाशेजारी चिकटवला आणि टेस्ट पडली की तीन गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: वाजले किती, मशीन कोणतं, त्याआधी काय घडलं होतं. पडलेल्या टेस्टचं नाव मुद्दाम चौथ्या रकान्यात ठेवलं, कारण सगळे आधी तिकडेच बघतात आणि तिथे फारसं काही सापडत नाही. दोन आठवड्यांत कागद भरला. गोंधळ एक नव्हता, पाच-सहा होते, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली होती.

(खाली फायलींची आणि आदेशांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

सुट्टीनंतर किंवा संगणक बंद-चालू केल्यावर पडतात

कागदावरची सगळ्यात जास्त नोंद हीच. सोमवारी सकाळी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, वीज जाऊन आल्यावर. एकही टेस्ट सुरूच होत नाही. टेस्टआधी तयारी करणारी बूटस्ट्रॅप फाइल एवढंच सांगते की टेस्ट-लायब्ररीतली फंक्शन्सची फाइल सापडली नाही, तुम्ही इन्स्टॉलची स्क्रिप्ट चालवली होती का? तुम्ही म्हणता, चालवली होती की, गेल्याच महिन्यात!

चालवली होती, पण सामान ठेवलं कुठे? टर्मिनलवरून वर्डप्रेस हाताळायच्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाच्या ‘स्कॅफोल्ड प्लगिन-टेस्ट्स’ या आदेशाने प्लगिनच्या बिन फोल्डरात एक स्क्रिप्ट येते. ती वर्डप्रेसची एक प्रत आणि वर्डप्रेसची टेस्ट-लायब्ररी उतरवून घेते आणि दोन्ही, वेगळं काही सांगितलं नसेल तर, टीएमपी फोल्डरात ठेवते. टीएमपी म्हणजे तात्पुरत्या फायलींची धर्मशाळा. बऱ्याच लिनक्सवर संगणक बंद-चालू केला की ती रिकामी होते, आणि सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची) झाडलोट मूळ नियमाप्रमाणे दहा दिवस हात न लागलेल्या फायलीही काढून टाकते. दिवाळीची सुट्टी किती दिवसांची असते, मोजा.

इथवर सोपं आहे: स्क्रिप्ट पुन्हा चालवा. खरा त्रास तेव्हा होतो, जेव्हा ती चालवूनही काही बदलत नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये तपासणी अशी आहे की लायब्ररीचं फोल्डर *आहे का*. असलं तर ती उतरवण्याचं काम सोडून पुढे जाते. आत काय आहे, पुरतं आहे का, हे ती बघत नाही. मागच्या वेळी उतरवताना मध्येच नेट गेलं असेल किंवा झाडलोटीत अर्ध्या फायली गेल्या असतील, तर फोल्डर उरतं, सामान नसतं, आणि स्क्रिप्ट समाधानाने ‘झालं’ म्हणते. मी एकदा ती सात वेळा चालवली. सातही वेळा तोच निरोप.

तेव्हा आधी वर्डप्रेसचं आणि टेस्ट-लायब्ररीचं अशी दोन्ही फोल्डरं हाताने पूर्ण पुसा, मग स्क्रिप्ट चालवा. याच तपासणीचा दुसरा चटका असा की स्क्रिप्टला वर्डप्रेसची नवी आवृत्ती सांगितली तरी जुनं फोल्डर जागेवर असेपर्यंत टेस्ट जुन्याच आवृत्तीवर चालतात. आम्ही महिनाभर ‘नव्या आवृत्तीवर तपासलं’ म्हणून सांगत होतो.

कायमचा इलाज म्हणजे सामान धर्मशाळेतून घरी आणणं. डब्ल्यूपी_टेस्ट्स_डीआयआर आणि डब्ल्यूपी_कोअर_डीआयआर ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना बाहेरून दिलेली सेटिंग) होम फोल्डरातल्या एखाद्या जागेवर लावा आणि शेलच्या सुरुवातीच्या फायलीत लिहून ठेवा, म्हणजे स्क्रिप्टला आणि पीएचपीयुनिटला दोघांनाही एकच पत्ता मिळेल. फक्त आधीची फोल्डरं उचलून नव्या जागी नेऊ नका. टेस्टच्या कॉन्फिग फायलीत वर्डप्रेसचा पूर्ण पत्ता इन्स्टॉल करतानाच कोरला जातो. फोल्डर हललं तरी तो जुनाच राहतो. नवीन जागी नव्याने इन्स्टॉल करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि इन्स्टॉल करताना पहिला शब्द डेटाबेसच्या नावाचा असतो, तो लिहिताना हात जरा आवरा. टेस्ट सुरू होताना त्या डेटाबेसमधली वर्डप्रेसची टेबलं पाडून नव्याने बांधली जातात. टेबलांच्या नावाआधीचा उपसर्ग एकच निघाला तर समोर काय आहे हे कुणी विचारत नाही. टेस्टसाठी वेगळा, रिकामा डेटाबेस, आणि जमलं तर त्यापलीकडे कुठेही हक्क नसलेला वेगळा वापरकर्ता. आमच्याकडे एका नव्या मुलाने सवयीने रोजच्या कामाच्या डेटाबेसचं नाव दिलं होतं. स्क्रिप्टने विचारलं, हा डेटाबेस आधीच आहे, पुसू का? त्याने वाय दाबलं. प्रश्न इंग्रजीत होता आणि वेळ जेवणाची होती, एवढाच त्याचा गुन्हा.

नव्या मशीनवर पडतात, जुन्यावर नाही

हे थोडक्यात, कारण तीनच गोष्टी निघाल्या.

डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, असेल आणि होस्ट (डेटाबेसचा पत्ता) म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल, तर पीएचपी नेटवर्कने जात नाही, सॉकेट फाइल (त्याच मशीनवरच्या जोडणीची) शोधते, आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणते. डेटाबेस जोडायचाय आणि तक्रार फायलीची, म्हणून माणूस चक्रावतो. होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहा.

टेस्ट-लायब्ररी पॉलिफिल्स (वेगवेगळ्या पीएचपीयुनिट आवृत्त्यांतला फरक झाकणारा कोड) मागत असेल तर कंपोझरने, म्हणजे पीएचपीची पॅकेजं आणणाऱ्या साधनाने, योस्टचं पीएचपीयुनिट-पॉलिफिल्स हे पॅकेज फक्त विकासासाठीच्या (डेव्ह) यादीत घ्या. वर्डप्रेस ५.९ पासून ते लागतंच. त्याच सुमाराला टेस्टआधी चालणारं सेटअप आणि टेस्टनंतर चालणारं टेअरडाउन या फंक्शनांची नावं अंडरस्कोर घालून, लहान अक्षरांत लिहायची पद्धत आली. जुनी टेस्ट नव्या पीएचपीवर आणताना निम्म्या चुका याच एका अंडरस्कोरच्या असतात.

पीएचपीयुनिट सगळ्यात नवी घेतली म्हणजे चांगलं, असं इथे नाही. वर्डप्रेसची लायब्ररी पीएचपीयुनिटच्या ९ व्या मालिकेशी जुळवलेली आहे. १० किंवा पुढची टाकली की ‘पार्स टेस्ट मेथड ॲनोटेशन्स’ नावाचं फंक्शनच नाही, अशी ओरड होते. कंपोझरमध्ये ९ वर खुंटी ठोका.

रात्री पडतात, दिवसा पास होतात

ही नोंद कागदावर उशिरा लक्षात आली आणि तिनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

आमच्या टेस्ट प्रत्येक पुशला, म्हणजे कोड वर पाठवला की, सर्व्हरवर चालतात, शिवाय एक फेरी रोज रात्री दोनला लावलेली आहे. सर्व्हरचं वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतं, त्यामुळे ती फेरी तिथे २०.३० अशी लिहिली आहे. रात्रीची फेरी रोज लाल. सकाळी दहाला येऊन मी तीच पुन्हा चालवायचो, हिरवी. सर्व्हरवर रात्री ताण असेल, डेटाबेस हळू चालत असेल, अशी कारणं आम्ही एकमेकांना देत होतो. मग एका रात्री मी स्वतः साडेबाराला काम करत बसलो होतो, आणि माझ्या लॅपटॉपवरही ती टेस्ट पडली. लॅपटॉपवर कसला ताण?

कागदावरच्या वेळा मांडल्या. १२.३५, २.००, १.१५, ४.५०, २.००, २.००. रात्री बाराच्या आधी एकही नाही, पहाटे साडेपाचच्या नंतर एकही नाही. साडेपाच हा आकडा दिसला आणि कपाळावर हात मारला. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते. यूटीसीत ती बदलायला आपले पहाटेचे साडेपाच व्हावे लागतात. मधले साडेपाच तास दोन तारखा एकाच वेळी खऱ्या असतात.

वर्डप्रेस सुरू होताना पीएचपीची स्वतःची वेळ यूटीसीवर लावून टाकतं, संकेतस्थळाचा टाइमझोन सेटिंगमध्ये काहीही असो. म्हणजे कोडमध्ये पीएचपीचं साधं ‘डेट’ फंक्शन वापरलं की यूटीसीची तारीख येते, आणि वर्डप्रेसचं ‘करंट टाइम’ वापरलं की आशिया-कोलकाताची. आमच्या प्लगिनमध्ये एका ठिकाणी हे होतं, दुसऱ्या ठिकाणी ते. टेस्ट दोन्हींची तुलना करत होती. दिवसा दोन्ही जुळायची, रात्री नाही.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. टेस्ट खोटं बोलत नव्हती. पहाटे पाचला उठून संकेतस्थळ उघडणाऱ्या वाचकाला माथ्यावर खरोखरच कालची तारीख दिसत होती. आम्हाला त्याबद्दल दोनदा पत्रंही आली होती आणि ‘ब्राउझरची कॅश पुसून बघा’ असं ठोकळ उत्तर आम्ही दिलं होतं. म्हणून अशी टेस्ट ‘नाजूक आहे’ म्हणून वगळायची माझी आता छाती होत नाही. वगळली असती तर रात्रीची फेरी हिरवी झाली असती आणि पहाटेचा वाचक तसाच कालच्या तारखेत राहिला असता.

दुरुस्ती दोन जागी लागते. प्लगिनमध्ये तारीख दाखवायला डब्ल्यूपी_डेट आणि ‘आत्ताची वेळ’ घ्यायला करंट_डेटटाइम; दोन्ही वर्डप्रेस ५.३ पासून आहेत आणि संकेतस्थळाचा टाइमझोन पाळतात. टेस्टमध्ये मात्र ‘आत्ता’ हा शब्दच नको. घड्याळ विचारणाऱ्या फंक्शनला वेळ बाहेरून द्या, आणि द्यायची ती मुद्दाम कुंपणावरची. आमच्या टेस्टमध्ये आता यूटीसीची ३१ डिसेंबर २०२३, १९.०० ही वेळ आहे. भारतात तेव्हा १ जानेवारी २०२४ चे साडेबारा झालेले. तारीख, महिना, वर्ष, तिन्ही बदललेले. कुठेही यूटीसी गळत असेल तर लगेच दिसतं. तिच्या सोबतीला पहाटे ५.२९ आणि ५.३१ अशा दोन.

टेस्टच्या संकेतस्थळाचा टाइमझोनही लावायला विसरू नका. तिथे तो मुळात यूटीसीच असतो, त्यामुळे टाइमझोनची चूक असूनही टेस्ट आनंदाने पास होतात. (आमची ती टेस्ट रात्री पडली, कारण तिच्यात तो लावलेला होता.) सेट-अपमध्ये टाइमझोन_स्ट्रिंग हा पर्याय आशिया-कोलकाता करा.

याच घरातली आणखी एक चूक: टेस्टमध्ये ‘आज सकाळी सहाचा लेख’ तयार करायचा आणि तो यादीत येतो का बघायचं. टेस्ट रात्री एकला चालली तर सकाळचे सहा अजून व्हायचे असतात. प्रकाशनाची वेळ पुढची दिसली की वर्डप्रेस ‘पब्लिश’ सांगितलेलं असूनही लेखाला ‘फ्यूचर’ करून ठेवतं, आणि यादी रिकामी येते. एरर नाही, इशारा नाही.

एकटी पास, घोळक्यात नापास

फिल्टर लावून ती एकच टेस्ट चालवली की पास, सगळ्या चालवल्या की ‘तीन लेख हवे होते, चार मिळाले’. म्हणजे आधीच्या कुठल्या तरी टेस्टने मागे काहीतरी सोडलंय.

वर्डप्रेसच्या टेस्टमध्ये प्रत्येक टेस्टआधी डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन सुरू होतं आणि टेस्ट संपली की ते मागे घेतलं जातं. तुम्ही शंभर लेख तयार करा, पाटी कोरी होते. पण मायएसक्यूएलला काही आदेश असे आहेत की ते आले की तोवरचं सगळं आपोआप पक्कं होतं: टेबलाची रचना बदलणारा ‘आल्टर’, आणि टेबल रिकामं करणारा ‘ट्रंकेट’. आमचं प्लगिन वाचनसंख्येचं टेबल ट्रंकेटने साफ करायचं. त्या टेस्टमध्ये त्याआधी तयार केलेला एक लेख पक्का झाला आणि त्याच क्लासच्या पुढच्या सगळ्या टेस्टमध्ये बिनबुलाया पाहुणा म्हणून फिरत राहिला. क्लासच्या टेस्ट संपल्या की लायब्ररी सगळे लेख पुसून टाकते, म्हणून नंतर डेटाबेसमध्ये जाऊन बघावं तर काही सापडायचं नाही. ट्रंकेटच्या जागी साधं ‘डिलीट’ केलं. टेबल छोटं आहे, वेगाचा प्रश्न नव्हता. ट्रंकेट कुणी का लिहिलं होतं याचा शोध घेतला तर नाव माझंच निघालं.

डेटाबेसबाहेरचं बरंच काही मागे घेतलं जात नाही. क्लासमधलं स्टॅटिक व्हेरिएबल (सगळ्या टेस्टभर टिकून राहणारी किंमत), फायली, बदललेली भाषा. स्टॅटिकमध्ये ‘आजचा अंक’ एकदा साठवला की पुढच्या सगळ्या टेस्टना तोच शिळा अंक मिळतो. त्यासाठी एक रीसेट फंक्शन ठेवा आणि टेअर-डाउनमध्ये बोलवा.

गुन्हेगार शोधायला पीएचपीयुनिटचा ऑर्डर-बाय रँडम हा पर्याय लावा. क्रम दर वेळी पिसला जातो आणि सुरुवातीलाच एक बीज-क्रमांक छापला जातो. टेस्ट पडली की तो कागदावर उतरवा. तोच क्रमांक परत दिला की तोच क्रम परत मिळतो, आणि मग निम्म्या-निम्म्या टेस्ट काढत गेलं की अर्ध्या तासात पाहुणा सापडतो.

डोळ्यांना सारख्याच ओळी, तरी नापास

पीएचपीयुनिट फरक दाखवताना हवी असलेली ओळ उणे चिन्हाने आणि मिळालेली अधिक चिन्हाने छापतं. आमच्याकडे एकदा दोन्ही ओळींत ‘दुसऱ्या पानावर’ असंच होतं. अक्षरन् अक्षर सारखं. सहकाऱ्याने स्क्रीनला नाक लावून पाहिलं.

फरक ऱ्यामध्ये होता. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, बाइट्स ई०ए४बी१. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. जुन्या कीबोर्डांवरून आलेल्या मजकुरात हा भरपूर असतो. पडद्यावर तिन्ही एकच. आमचं टेस्टमधलं वाक्य मी टाइप केलेलं होतं आणि नमुन्याचा लेख साप्ताहिकाच्या जुन्या अंकातून उचललेला. म्हणून पडायची ती फक्त जुन्या लेखांवर, आणि आम्ही दोष लेखांच्या लांबीला देत होतो.

असा संशय आला की दोन्ही ओळी बिन-टू-हेक्स या पीएचपी फंक्शनमधून काढून बाइट्स बघा, नाक लावू नका. पहिले दोन प्रकार पीएचपीच्या नॉर्मलायझरने, म्हणजे युनिकोड एका साच्यात आणणाऱ्या क्लासने, एक होतात. तिसरा होत नाही. र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं, एवढी एक ओळ हातानेच लिहावी लागते. नॉर्मलायझर हा पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनचा भाग आहे. ते लॅपटॉपवर असतं आणि सर्व्हरवर नसतं, म्हणजे ‘नव्या मशीनवर पडतात’ हे प्रकरण पुन्हा सुरू. सर्व्हरच्या यादीत ते आधीच लिहून टाका.

खरी शीर्षकं घातली की पडतात

आमच्या टेस्टमधले लेख वर्षभर ‘पोस्ट १’, ‘पोस्ट २’ असे होते. खरी शीर्षकं घातली आणि पत्त्यावरून लेख शोधणारी टेस्ट पडली.

लेखाच्या पत्त्याचा तुकडा, म्हणजे स्लग, वर्डप्रेस २०० अक्षरांत बसवतं. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट्सचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं घेतो. झाली नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात किरणोत्सव’ या शीर्षकाचा स्लग ‘कोल्हापूरच्या-अंबाबाई-मं’ इथे संपतो, बरोबर २०० वर. ‘कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील गर्दी’ याचाही तोच. दुसऱ्या लेखाला मग शेवटी उणे-दोन लागतं, त्याला जागा करायला अनुस्वारही उडतो, आणि कोणता लेख पहिला आणि कोणता दुसरा हे तयार करण्याच्या क्रमावर ठरतं.

टेस्टमध्ये लेख स्लगने न शोधता आयडीने शोधा. टेस्टसाठी लेख बनवून देणारी लायब्ररीतली फॅक्टरी लेख तयार करताना तो परत देतेच. संपादकांना मात्र स्लग हाताने, आखूड लिहायला सांगितलंय. स्लगच्या पेटीखाली आम्ही आता अक्षरांचा मोजणीफलक लावलाय. वीस ओलांडले की तो लाल होतो, आणि त्याचीही एक टेस्ट आहे.